स्टेजवर नसलेला माणूस

२०२५च्या जुलैत, लागोपाठच्या दोन दिवशी ब्रिटनमध्ये जे घडलं, त्यावर दादाचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ४ जुलैला कार्डिफच्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये ओएसिस हा बँड सोळा वर्षांनी स्टेजवर आला. २००९च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या एका महोत्सवात, ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर, लिअम आणि नोएल गॅलाघर या सख्ख्या भावांनी स्टेजमागे भांडून बँड मोडला होता. तेच दोघं आता एकमेकांचा हात धरून लोकांसमोर आले. दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघं वीस वर्षांनी एकत्र वाजवायला आले. गायक ऑझी ऑझबर्न काळ्या सिंहासनावर बसून गायला, कारण पार्किन्सन्समुळे त्याला उभं राहणं शक्य नव्हतं.

दादाचं म्हणणं, दोन्ही व्हायला नको होतं. ओएसिस पैशासाठी आला आणि सॅबथ हट्टापायी. माझं म्हणणं, दोन्ही व्हायला हवंच होतं, पण दोन्हींचं मोल सारखं नाही.

दादा माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा बराच मोठा. हे सगळं संगीत माझ्याकडे आलं ते त्याच्यामार्फत. मुंबईला हॉस्टेलवर असताना तो काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून कॅसेटी आणायचा आणि सुट्टीत वाईला आला की माजघरात टेप लावून बसायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी मला कव्हरवरची बारीक अक्षरातली नावं मोठ्याने वाचायला लावायचा. गिटार कोण, बेस कोण, ड्रम्स कोण. "गाणं कुणीही म्हणेल," तो म्हणायचा, "पण हे चौघं एका खोलीत आले की जे होतं, ते दुसऱ्या चौघांना जमणार नाही." मला शाळेतल्या कविता आठवत नाहीत, पण डीप पर्पलच्या कोणत्या अल्बमवर कोण होतं ते आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्यामुळे दादा जेव्हा म्हणतो की मूळ संच नसेल तर बँडचं नाव लावू नये, तेव्हा त्यामागे काय आहे ते मला पुरेपूर कळतं. तरीही मी त्याच्याशी भांडतो.

मला विचाराल तर परतलेल्या बँडची परीक्षा एकाच ठिकाणी होते. जो आता स्टेजवर नाही, म्हणजे मेला, निघून गेला, काढला गेला किंवा नुसताच यायला नाही म्हणाला, त्याच्या जागेचं उरलेले लोक काय करतात? बाकी सगळे मुद्दे त्याच्या मागून येतात.

पैशाचा मुद्दा आधी संपवतो, कारण चाहत्यांची भांडणं नेहमी तिथूनच सुरू होतात. ओएसिसची तिकिटं २०२४च्या ऑगस्टअखेर विक्रीला आली, तेव्हा तासन्तास ऑनलाइन रांगेत ताटकळलेल्या लोकांना शेवटी दिसलं की दीडशे पाउंडांच्या आसपासचं उभ्याचं तिकीट साडेतीनशेच्या वर गेलंय. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने त्याची चौकशी लावली. लोकांचा राग रास्त होता. मँचेस्टरच्या सरकारी वसाहतीतल्या घरात वाढलेल्या पोरांचा बँड ऐकायला त्याच वस्त्यांमधल्या लोकांना महिन्याचं भाडं मोजावं लागणं, हे वाईटच. पण पैशासाठी परत आले म्हणजे खोटे परत आले, हे मला पटत नाही. १९९६मध्ये सेक्स पिस्टल्स परतले तेव्हा पत्रकारांसमोर उघड म्हणाले की आम्हा सगळ्यांना बांधणारा एक समान धागा सापडलाय, तुमचे पैसे. त्या फेरीत मूळ चौघं होते. १९७७मध्ये ज्याला बाजूला सारून सिड व्हिशसला आणलं होतं, तो बेसवाला ग्लेन मॅटलॉक परत आला होता. त्यांच्या सुरुवातीच्या बहुतेक गाण्यांच्या रचनेत त्याचा हात होता. पैशासाठी का होईना, त्याची जागा त्याला मिळाली.

आवाज राहिला नाही, बोटं चालत नाहीत, हा दुसरा मुद्दा. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. माणसं म्हातारी होतात. सूर खाली घ्यावे लागतात. द पोलिस हा तिघांचा बँड २००७मध्ये व्हँकुव्हरहून पुन्हा निघाला, तेव्हा दुसऱ्याच कार्यक्रमानंतर ड्रमर स्टुअर्ट कोपलंडने स्वतः लिहून टाकलं की आज आम्ही भयंकर वाईट वाजवलं, कोण कुठे आहे तेच कुणाला कळत नव्हतं. आणि मग तेच तिघं दीडशेच्या आसपास कार्यक्रम करून २००८च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला थांबले. हा बँड १९८०च्या मार्चमध्ये मुंबईत येऊन गेला होता, कुलाब्याच्या होमी भाभा सभागृहात. तेव्हा त्यांची नावंही इथे फार थोड्यांना ठाऊक होती. दादा त्या वेळी लहान होता, त्याचा तो कार्यक्रम हुकला आणि ती रुखरुख त्याला अजून आहे. मला मात्र कोपलंडचं ते कबूल करणं फार आवडतं. वाईट वाजलं हे तिघांपैकीच एकाने सांगितलं, कारण तिघंच होते आणि तिघंही हजर होते. चूक कुणाची यावर भांडायला आख्खा बँड जागेवर होता.

अवघड गोष्ट तिथे सुरू होते, जिथे एक जण नसतो.

लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला. त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी, म्हणजे गिटारवाला जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट आणि बेसवाला जॉन पॉल जोन्स यांनी, निवेदन काढलं की आता आम्ही पूर्वीसारखे चालू राहू शकत नाही. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग १३ जुलै १९८५ला, लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमाच्या दिवशी, ते फिलाडेल्फियाच्या स्टेडियममध्ये स्टेजवर आले. ड्रम्सवर दोघं होते: टोनी थॉम्पसन, आणि त्याच दुपारी लंडनला वाजवून कॉनकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून आलेला फिल कॉलिन्स. सराव जवळपास नाही. पेजची गिटार सुरात नाही, प्लँटचा घसा बसलेला. पुढे लाइव्ह एडच्या डीव्हीडीसाठी त्यांनी हा भाग वापरायला परवानगीच दिली नाही. मी तो तुकडा पाहिलाय आणि मला त्यात बेसूर गिटारीपेक्षाही दुसरं काही जास्त खुपतं. एका माणसाच्या जागी दोघांना बसवलं, आणि दोघांनाही तिथे काय होतं हे समजून घ्यायला वेळ दिला नाही. जागा भरायची म्हणून भरली.

आता २००७. अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत एर्टेगन यांच्या स्मरणार्थ लंडनच्या ओटू अरीनात एकच कार्यक्रम ठरला. पेजचं बोट मोडल्यामुळे तो नोव्हेंबरातून १० डिसेंबरवर ढकलला गेला. जेमतेम वीस हजारांच्या सभागृहासाठी दोन कोटी अर्ज आल्याची बातमी तेव्हा सगळीकडे होती. ड्रम्सवर होता जेसन बॉनहॅम. जॉनचा मुलगा, वय ४१. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

कार्यक्रमाची सुरुवात त्यांनी कशाने केली ते पाहा. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं. सुरुवातीला सगळे मिळून दण-दण असे दोन ठोके देतात, मग मधली जागा मोकळी सोडतात, पुन्हा दोन ठोके. त्या मोकळ्या जागेत ड्रमर एकटा असतो. पुढे गाण्यात बॉनहॅमने बेस ड्रमवर एकाच पायाने, एकाच पेडलवर इतके भरभर ठोके घेतले होते की ऐकणाऱ्या कितीतरी ड्रमरांना वाटलं, याच्याकडे दोन बेस ड्रम असणार. म्हणजे वडिलांच्या हाताची आणि पायाची सगळ्यात अवघड सही जिथे आहे, तिथूनच मुलाला सुरुवात करायला लावली. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण २०१२मध्ये बाहेर आलं. त्यात पेज, प्लँट आणि जोन्स प्रचंड स्टेजवर विखुरलेले दिसत नाहीत. पुन्हापुन्हा ते ड्रम्सजवळ गोळा होतात, जेसनकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून. मी ते अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी मला वाटतं की त्या रात्री गाणी लोकांसाठी होती, पण वादन त्या मुलासाठी होतं.

दादाचं मत इथे बदलतं. तो म्हणतो, हे चालेल, हे घराणं आहे. मी म्हणतो, रक्ताचं नातं आहे म्हणून नाही चाललं. १९८८मध्ये अटलांटिकच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी हाच जेसन त्यांच्याबरोबर वाजवायला होता आणि तो कार्यक्रम फसलाच होता. २००७मध्ये त्यांनी आठवडेच्या आठवडे सराव केला. त्या जागेसाठी राबले.

आणि त्यानंतरचंही सांगायला हवं. पेज, जोन्स आणि जेसनला पुढे जायचं होतं. प्लँट नाही म्हणाला. तो गायिका अॅलिसन क्राउसबरोबर अगदी वेगळंच, शांत असं काही गात होता आणि त्या अल्बमला २००९मध्ये ग्रॅमीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. बाकीच्यांनी काही गायक आजमावून पाहिले आणि मग तो नाद सोडला. जगभरच्या चाहत्यांनी प्लँटला स्वार्थी म्हटलं. मी त्याच्याबद्दल कृतज्ञ आहे. एक रात्र झाली, ती तशीच राहिली.

झेपेलिनचा मुंबईशी एक धागा आहे, तो मला इथे सांगावासा वाटतो. १९७२मध्ये पेज आणि प्लँट दोघंच मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवून गेले, आणि इथल्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. 'फोर स्टिक्स'चं नावच मुळी बॉनहॅमवरून पडलंय. मूळ ध्वनिमुद्रणात त्याने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ड्रम्स वाजवले होते. मुंबईच्या आवृत्तीत तो नाही. तबला आणि तंतुवाद्यं आहेत, आपल्या वादकांचा हात गोड आहे, आणि तरी ऐकताना कान सारखा त्या चार काठ्यांची वाट पाहत राहतो. तेव्हा बॉनहॅम जिवंत होता, इंग्लंडात होता. तो गेल्यावर काय होणार याची चुणूक त्याच्या हयातीतच मुंबईतल्या त्या स्टुडिओत मिळाली होती, असं मला हे ऐकताना वाटतं.

मूळ संचाच्या आग्रहावर माझं सगळ्यात बळकट उत्तर डीप पर्पलमध्ये आहे, आणि ते मी दादाला वारंवार ऐकवतो. १९८०मध्ये अमेरिकेत आणि मेक्सिकोत डीप पर्पल नावाचा एक बँड फिरत होता. त्यात रॉड इव्हान्स हा गायक होता. हा माणूस तोतया नव्हता. १९६८मध्ये बँड सुरू झाला तेव्हाचा तो पहिला गायक, 'हश' त्याच्याच आवाजात गाजलेलं. मूळ संचातला अस्सल माणूस, डोक्यावर अस्सल नाव. आणि बाकी सगळे परके. लोक चिडले, कार्यक्रम उधळले, खऱ्या पर्पलच्या व्यवस्थापनाने दावा लावला आणि न्यायालयाने ६,७२,००० डॉलरची भरपाई ठोठावली. इव्हान्स आपल्या जुन्या गाण्यांच्या मानधनालाही मुकला. म्हणजे मूळ माणूस असणं पुरत नाही. इव्हान्सने बँडच्या सगळ्यात गाजलेल्या संचातल्या गिलान, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस या सगळ्यांच्या जागा जणू त्या जागाच नव्हत्या अशा बुजवल्या.

तेच पाच जण १९८४मध्ये एकत्र आले, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' केला, आणि १९९३मध्ये ब्लॅकमोर पुन्हा निघून गेला. १९९५च्या एप्रिलमध्ये हा बँड मुंबईत आला तेव्हा गिटारीवर स्टीव्ह मॉर्स होता. दादा त्या कार्यक्रमाला होता. मूळ संचाचा एवढा कडवा माणूस, तोही त्या रात्रीला 'पर्पलचा कार्यक्रम' असंच म्हणतो, आणि अजूनही सांगताना त्याचा आवाज चढतो. लॉर्डचा ऑर्गन सुरू झाला तेव्हा छातीत काय झालं, पेसचे हात दुरून कसे दिसत होते. मॉर्सबद्दल विचारलं तर म्हणतो, "त्याने ब्लॅकमोरची नक्कल केली नाही रे. स्वतःचं वाजवलं." माझं म्हणणं यापेक्षा वेगळं काय आहे? दादा ते मान्य करत नाही, विषय बदलतो, पण वाक्य त्याचंच आहे.

वाईचा माणूस असल्यामुळे क्वीनबद्दल मला अलिप्तपणे बोलता येत नाही. पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी, आणि पाचगणीत सेंट पीटर्स शाळा. झांजिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा १९५०च्या दशकात तिथे शिकायला आला, तिथे पियानो वाजवायचा, शाळेतल्या मित्रांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. पुढे लंडनला जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला. २४ नोव्हेंबर १९९१ला तो गेला. १९९७नंतर बेसवाला जॉन डीकनही बाजूला झाला. उरले दोघं, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. त्यांनी २००५मध्ये पॉल रॉजर्सला घेऊन फेरी काढली आणि पुढे अॅडम लँबर्टला घेऊन. जाहिरातीत लिहिलं काय, तर क्वीन अधिक पॉल रॉजर्स, क्वीन अधिक अॅडम लँबर्ट. पाहुण्याचं नाव अधिकच्या चिन्हाने जोडलेलं, बँडच्या नावात मिसळलेलं नाही.

आणि कार्यक्रमात एक क्षण येतो. ब्रायन मे एकटा पुढे येऊन बसतो, हातात ध्वनिक गिटार, आणि 'लव्ह ऑफ माय लाइफ' गातो. लोक त्याच्याबरोबर गातात. शेवटाकडे पडद्यावर फ्रेडी येतो आणि उरलेल्या ओळी त्याच्या जुन्या चित्रीकरणातून तो गातो. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं पान वाढून बाजूला ठेवतात, आणि त्या पानावर दुसरं कुणी बसत नाही. मे तेच करतो. लँबर्ट सगळ्या गाण्यांत ताकदीने गातो, पण त्या गाण्यात तो स्टेजवर नसतो. मला या बँडबद्दल जो आदर आहे तो मुख्यतः त्या चार मिनिटांसाठी. दादाला हे भावुकपणाचं वाटतं. वाटू दे.

पिंक फ्लॉइडच्या बाबतीत दादा आणि मी एका बाजूला असतो, आणि दोघं मिळून बाकीच्यांशी भांडतो. बेसवाला आणि गीतकार रॉजर वॉटर्सने १९८५मध्ये बँड सोडला. नावावरून कोर्टकचेरी झाली. वॉटर्स आणि गिटारवाला डेव्हिड गिल्मर वर्षानुवर्षं एकमेकांबद्दल वाईट बोलत राहिले. चौघं शेवटचे एकत्र वाजवले होते ते १९८१च्या जूनमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला, आणि तेव्हाही कीबोर्डवाला रिचर्ड राइट बँडचा सदस्य उरलेला नव्हता. त्याला आधीच काढलं होतं आणि पगारी वादक म्हणून त्या फेरीपुरतं ठेवलं होतं. मग २००५मध्ये लाइव्ह एटच्या कार्यक्रमासाठी, लाइव्ह एड घडवून आणणाऱ्या बॉब गेल्डॉफने गळ घातली. गिल्मर आधी नाही म्हणाला. शेवटी वॉटर्सने स्वतः त्याला फोन केला. २ जुलैला, रात्री उशिरा, हाइड पार्कमध्ये चौघं आले.

पण चौघांना पुरतं ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं की ते पाच आहेत. बँड ज्याने उभा केला तो सिड बॅरेट केंब्रिजमध्ये आपल्या घरी होता. १९६८च्या जानेवारीत कार्यक्रमाला निघताना या लोकांनी त्याला गाडीत घ्यायला जायचं टाळलं, आणि तसाच तो बँडमधून गेला. मन बिघडलेला, एलएसडीने आणखी पोखरलेला, विशीतला मुलगा. १९७५मध्ये तो अचानक स्टुडिओत येऊन बसला तेव्हा डोकं-भुवया भादरलेल्या त्या जाड माणसाला त्यांनी ओळखलंही नाही, आणि ते नेमके त्याच्यावर रचलेल्या गाण्याचंच काम करत होते. हाइड पार्कमध्ये 'विश यू वेअर हिअर' सुरू होताना वॉटर्स बोलला. इतक्या वर्षांनी या तिघांबरोबर इथे उभं राहताना भरून येतंय, असं म्हणाला, आणि हे जे इथे नाहीत त्या सगळ्यांसाठी, विशेषतः सिडसाठी, असंही. वॉटर्स तुसडा आहे, अहंकारी आहे, त्याच्याशी कामाला बसलेल्यांनी ते सांगितलंय. पण ते वाक्य त्याने सरळ, साध्या आवाजात म्हटलं.

चौथं गाणं संपलं आणि गिल्मर जायला वळला. वॉटर्सने हाताने खुणावून त्याला बोलावलं, चौघांनी गळ्यात हात टाकले. गिल्मरच्या चेहऱ्यावर अवघडलेपण आहे, तो काही मोकळा झालेला नाही. तेच मला त्या दृश्यात सगळ्यात खरं वाटतं. पुढच्या वर्षी जुलैत सिड गेला, २००८च्या सप्टेंबरात राइट गेला. फेरी काढा म्हणून अवाढव्य रकमा पुढे केल्या गेल्या आणि गिल्मरने त्या नाकारल्या. लाइव्ह एटनंतर अल्बमांचा खप वाढला तेव्हा तो नफाही दान करायला हवा असं त्याने जाहीर केलं. जे लोक आजही वॉटर्स आणि गिल्मरने एकदा यावं म्हणून हळहळतात, त्यांना मी विचारतो, राइटच्या आवाजाचं काय करणार? 'टाइम'मधल्या मधल्या ओळी कोण गाणार?

आता सॅबथ. इथे दादाचा मुद्दा भक्कम आहे आणि मला तो टाळायचा नाही. २०११च्या नोव्हेंबरात चौघांनी परतण्याची घोषणा केली. काही महिन्यांत ड्रमर बिल वॉर्डने सांगितलं की जो करार पुढे केलाय त्यावर मी सही करू शकत नाही. बाकीचे तिघं त्याच्याविना पुढे गेले. '१३' नावाचा अल्बम आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, ड्रम्स दुसऱ्याचे. ४ फेब्रुवारी २०१७ला बर्मिंगहॅममध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला, फेरीला नावच 'द एंड' दिलं, आणि तिथेही वॉर्ड नव्हता. गावातल्याच पोरांनी उभा केलेला बँड, गावातच संपला, आणि चौथा एका गाण्यापुरताही तिथे नव्हता. गिटारवाल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली, त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली आणि त्या बोटांनी वाजवायला लागला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या जड, मंद, सैल तारांच्या गिटारीखाली जॅझचा कान असलेला वॉर्ड होता, मागे रेलून वाजवणारा. 'वॉर पिग्ज'च्या सुरुवातीचा तो डुलता ठेका दुसऱ्या कुणाला बसला नाही. २०१७च्या चित्रीकरणात ड्रम्स चोख आहेत आणि गाणं डुलत नाही.

म्हणून ५ जुलै २०२५. व्हिला पार्क हे अॅस्टनमधलं मैदान; ऑझीचं लहानपणचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. दिवसभर मोठमोठ्या बँडांनी हजेरी लावली. मिळकत पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला, मुलांच्या रुग्णालयाला आणि मुलांच्या शुश्रूषागृहाला द्यायची ठरली होती. शेवटी सॅबथ. चार गाणी. आणि ड्रम्सवर ७७ वर्षांचा बिल वॉर्ड. 'वॉर पिग्ज' सुरू झालं. ठेका पूर्वीइतका घट्ट नव्हता. हात जड झालेले, एकदोन ठिकाणी तो मागे राहतो आणि आयोमी त्याच्यासाठी थांबतो. पण गाणं डुललं. दादाला फोन लावून मी एवढंच म्हणालो, ऐक, तो मागे रेलतोय.

बेसवादक गीझर बटलरने नंतर लिहिलं की कार्यक्रम संपल्यावर आम्ही नेहमी एकमेकांना मिठी मारून लोकांपुढे वाकायचो, पण ऑझी उभा राहू शकत नव्हता आणि याचा विचारच कुणी केला नव्हता. आयोमीने हात मिळवला, गीझरने त्याला केक दिला, आणि असं संपणं विचित्र वाटलं. १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

दादा म्हणतो, २०१७ला जे नाकारलं ते २०२५ला देऊन फिटत नाही. वॉर्डची आठ वर्षं गेली, अल्बम गेला, निरोपाची फेरी गेली. बरोबर आहे. तो हिशेब फिटलेला नाही, आणि फिटला असं मी म्हणतही नाही. मी एवढंच म्हणतो की त्यांच्यासमोर पर्याय होता. २०१७मध्ये वाजवलेला तो चोख ड्रमर त्यांच्या ओळखीचा होता, त्याला बोलावणं सोपं होतं, कार्यक्रम नीटनेटका झाला असता. त्यांनी थकलेल्या हातांचा माणूस आणला, कारण जागा त्याची होती.

याच मापाने ओएसिसकडे पाहतो तेव्हा माझा आनंद थोडा अडखळतो. मला दोघा भावांच्या समेटाचं मनापासून बरं वाटलं. १९९९मध्ये बाहेर पडलेला बोनहेड गिटारीवर परत आला याचं तर फारच. ऑझी गेल्यावर वेम्ब्लीच्या पहिल्या कार्यक्रमात त्यांनी 'रॉक अँड रोल स्टार' त्याला अर्पण केलं, तेही चांगलं केलं. पण पहिल्या अल्बमचा ड्रमर टोनी मॅक्कॅरल? १९९५मध्ये त्याला काढलं. पुढे त्याने दावा लावला आणि १९९९मध्ये साडेपाच लाख पाउंडांवर तडजोड झाली, म्हणजे कायद्याने कुणी कुणाचं देणं लागत नाही. २०२५च्या फेरीत ड्रम्सवर जोई वॉरॉंकर होता. उत्तम वाजवतो, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

पण ही मंडळी पुन्हा फेरीला निघाली, तर मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये तरी एकदा मॅक्कॅरलला स्टेजवर बोलवावं. 'लिव्ह फॉरएव्हर' त्यांनी या फेरीत प्रत्येक रात्री वाजवलं. त्या गाण्याची सुरुवात गिटारीच्याही आधी ड्रम्सने होते, आणि १९९४च्या अल्बमवर ते ड्रम्स त्याचे आहेत. बाकी सगळं वॉरॉंकरने वाजवावं. ते एक गाणं मॅक्कॅरलला द्यावं.